सुरी पाहावी पाठीकडून

पोलाद ओळखायला मी पिंपरी-चिंचवडच्या टूलरूममध्ये शिकलो. तेच पोलाद माणसाच्या हातून किती सुंदर होऊ शकतं, हे अमेरिकेत जॉर्जियात राहायला आल्यावर पाहिलं. अटलांटात दर जूनमध्ये सुऱ्या घडवणाऱ्यांचं मोठं प्रदर्शन भरतं, ‘ब्लेड शो’. लांबच लांब टेबलं, त्यांवर कापड अंथरलेलं, त्यावर चार-सहा सुऱ्या आणि मागे त्या घडवणारा माणूस स्वतः बसलेला. पट्टी कापण्यापासून ते चामड्याचं म्यान शिवण्यापर्यंत सगळं त्यानेच केलेलं असतं. सांगाल तर तुमच्या हाताच्या मापाने, तुमच्या कामासाठी तो वेगळी सुरीही करून देतो. त्यालाच कस्टम सुरी म्हणतात.

या माणसांना विचारत, त्यांच्या सुऱ्या हाताळत आणि काही रोज वापरत जे समजत गेलं, ते इथे लिहितो आहे.

१. आधी हाताला विचारा

डोळा पहिल्यांदा चमकत्या पात्याकडे धावतो. त्याला थोडं थांबवावं. कारागिराची परवानगी घेऊन सुरी मुठीने उचलावी. पात्याला बोट लावू नये, कारण घामातल्या मिठाने कार्बन पोलादावर बघता बघता डाग उठतो. मग डोळे मिटावेत. धार कोणत्या बाजूला आहे हे न बघता हाताला कळलं, तर मूठ विचारपूर्वक केलेली आहे असं समजावं. गोल मूठ ओल्या हातात फिरते. म्हणून जाणता कारागीर तिचा छेद अंडाकृती ठेवतो आणि तळव्याच्या खळग्यात बसेल इतकाच फुगवटा मधे देतो.

आता मूठ घट्ट आवळून थोडा वेळ धरा. एखादी कड पेराखाली टोचली, तर तासभर काम केल्यावर तिथे फोड येणार हे नक्की. एका वयस्क कारागिराने सुरी दाखवण्याआधी माझाच तळवा मागून घेतला. बोटांच्या मुळाशी अंगठा फिरवून म्हणाला, “तुमची करंगळी आखूड आहे. मुठीचं मागचं टोक जरा लवकर वळवायला हवं.” हे इतक्या बारकाईने पाहणारा माणूस पुढे पात्यातही काही वाऱ्यावर सोडणार नाही, असा विश्वास मला तेव्हाच वाटला.

२. मग पाठ बघा

सुरी डोळ्यांसमोर आडवी धरा, धार जमिनीकडे आणि पाठ वर. एक डोळा मिटून मुठीकडून टोकाकडे बघा. बाजूने पाहताना लपून राहिलेल्या गोष्टी इथे उघड होतात. मुठीजवळ चार-पाच मिलिमीटर जाड असलेली पाठ टोकाकडे हळूहळू, कुठेही पायरी न पडता निमुळती होत गेली पाहिजे. त्यामुळे टोकाचं वजन कमी होतं आणि सुरी बोटांच्या हुकमात राहते. सरसकट एकाच जाडीची पाठ असेल, तर पट्टी जशी गिरणीतून आली तशीच ठेवली आहे असं समजा.

त्यानंतर दोन्ही बाजूंचे उतार जिथे मुठीजवळ संपतात त्या जागा पाहा. डावीकडची आणि उजवीकडची कड एकमेकींच्या बरोबर समोर आली पाहिजे. हे किती कठीण असतं, ते ग्राइंडिंग केलेल्यालाच ठाऊक. बहात्तर इंच लांबीचा पट्टा वेगाने फिरत असतो, पातं तापत असतं, थोड्या थोड्या वेळाने ते पाण्यात बुडवावं लागतं. बरेच निष्णात कारागीर कोन धरून ठेवणारा कोणताही जिग न वापरता हे मोकळ्या हाताने करतात. उजवीकडचा उतार काढताना शरीर ज्या लयीत हललं, तीच लय उलटी करून डावीकडचा काढायचा. टूलरूममध्ये आम्ही अशी सममिती सरफेस ग्राइंडर आणि डायल इंडिकेटर यांच्या भरवशावर मिळवत असू. हा माणूस ती कोपर बरगडीला टेकवून मिळवतो. याचं मला आजही अप्रूप वाटतं.

शेवटचा हात सँडपेपरने दिलेला असेल, तर पातं उजेडात तिरपं धरा. हाताने घासलेल्या पात्यावरच्या सगळ्या बारीक रेघा लांबीच्या एकाच दिशेत, मुठीपासून टोकापर्यंत सलग गेल्या पाहिजेत. कागद मागेपुढे घासला, तर घास जिथे परततो तिथे इंग्रजी ‘जे’ अक्षरासारखा आकडा उमटतो. म्हणून अखेरचे घास एकाच दिशेने ओढतात आणि दर घासाला कागदाचा नवा भाग घेतात. आरशासारखी चकाकी लांबून छान दिसते. पण अशी रेघ न् रेघ सरळ असलेलं मंद तेज मला त्याहून प्रिय आहे, कारण त्यात चूक लपवता येत नाही.

३. एक चांगली सुरी दुसरा कारागीर घडवते

अमेरिकेतल्या या कलेचा इतिहास मला फार आवडतो, कारण तो कौतुकाचा इतिहास आहे. मिशिगनमध्ये विल्यम स्केगल नावाचा एक एकांतप्रिय माणूस सुऱ्या घडवत असे. १९३७च्या सुमारास वॉलून सरोवरावर सुटीला गेलेल्या बो रँडलने एकाला होडीचा रंग खरवडताना पाहिलं. हातातली सुरी स्केगलची होती, आणि एवढं धसमुसळं काम करूनही तिची धार शाबूत होती. रँडलने ती मिळवली आणि पुढे फ्लोरिडात ऑरलँडोला स्वतः सुऱ्या घडवू लागला. दुसऱ्या महायुद्धात त्याच्या सुऱ्या सैनिकांच्या कमरेला पोचल्या.

१९५३मध्ये बॉब लव्हलेस नावाचा एक तरुण खलाशी न्यूयॉर्कच्या अबरक्रॉम्बी अँड फिच या दुकानात रँडलची सुरी घ्यायला गेला. कित्येक महिने थांबावं लागेल, असं त्याला सांगण्यात आलं. मग त्याने जुन्या पॅकार्ड मोटारीच्या स्प्रिंगपासून स्वतःच सुरी केली. तीच घेऊन तो त्या दुकानात गेला, आणि दुकानाने त्याच्या सुऱ्या विकायला घेतल्या. हाच लव्हलेस पुढे कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडला स्थायिक झाला. १९७०मध्ये सुऱ्या घडवणाऱ्यांचा गिल्ड स्थापन झाला, त्याच्या संस्थापकांत तो होता. पट्टी घासून पातं काढण्याच्या पद्धतीला त्याने प्रतिष्ठा मिळवून दिली आणि जेट इंजिनांच्या भागांसाठी बनलेलं १५४ सीएम हे पोलाद सुऱ्यांत आणलं. २०१० साली तो वारला, तोवर जगभरातले कारागीर त्याची रेघ गिरवत होते. जपानमध्ये त्याच्या सुऱ्या फार प्रेमाने जमवल्या गेल्या, आणि तिथल्या कारागिरांवर त्याची छाप पडली ती आजही दिसते.

त्याची शिकारी सुरी नीट पाहिली तर सौंदर्य आणि उपयोग वेगळे काढता येत नाहीत. पाठीची रेघ टोकाकडे हलकेच खाली उतरते. त्यामुळे टोक मधल्या रेषेवर येतं आणि जनावर सोलताना आतडं फाटत नाही. मुठीतून आरपार जाणारा पात्याचा भाग, म्हणजे टँग, मागे जाताना पातळ होतो. मूठ हलकी होते आणि तोल पहिल्या बोटापाशी येतो. हा उतार काढण्यासाठी टँग दोन्ही बाजूंनी घासावा लागतो, शिवाय मधोमध थोडा पोकळ करावा लागतो, म्हणजे मुठीच्या फळ्या कडेला घट्ट चिकटतात. हे काम मुठीत झाकलं जातं. ते ओळखायचं तर मागच्या टोकाशी दिसणारी पोलादाची बारीक होत गेलेली रेघ बघायची.

कोणतीही सुरी पाहताना मी आता कारागिराला विचारतो, “तुम्ही कुणाची पाहून सुरू केलंत?” उत्तर देताना त्यांचा चेहरा खुलतो, आणि त्यांच्या रेषा कुठून आल्या हे आपल्याला कळतं.

४. खरं पोलाद पाण्यात ठरतं

आपल्याकडे गावचा लोहार कोयत्याला ‘पाणी पाजतो’. तांबड्या झालेल्या पात्याची धार तेवढी पाण्यात बुडवायची, रंग पळताना बघायचा आणि नेमक्या क्षणी थांबायचं. अटलांटाच्या टेबलांमागची माणसं तेच करतात, फक्त सोबत पायरोमीटर आणि तापमान राखणारी विजेची भट्टी असते. १०८४सारखं साधं कार्बन पोलाद साधारण ८१५ अंश सेल्सिअसला तापवून तेलात विझवतात. ते काचेसारखं कडक आणि ठिसूळ होतं. मग सुमारे २०० अंशांवर दोनदा टेंपरिंग करून त्यातला ताण काढतात. स्टेनलेसची वाट वेगळी. हजार अंशांच्या वर तापवून ते अॅल्युमिनियमच्या दोन जाड पट्ट्यांमध्ये दाबून थंड करतात, आणि काही जण त्यानंतर द्रवरूप नायट्रोजनमध्येही ठेवतात.

इथे तापमान चुकलं तरी पातं दिसायला तसंच दिसतं. धार मात्र एक तर दुमडते किंवा तुटते. म्हणून मी याबद्दल मोकळेपणाने विचारतो. पोलाद कोणतं, कडकपणा रॉकवेल मोजपट्टीवर किती, तो मोजला की अंदाजाने धरला? साठच्या आसपासचा आकडा बहुतेक सुऱ्यांना शोभतो. जाड, घाव घालायच्या पात्याला त्याहून थोडा कमी बरा. आकड्यापेक्षाही, तो का निवडला हे सांगता येणारा कारागीर मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

घडाई करणाऱ्यांची अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी बिल मोरान याने १९७६मध्ये सुरू केली. तिची परीक्षा मला कोणत्याही प्रमाणपत्राहून मोठी वाटते. उमेदवाराने घडवलेल्या एकाच सुरीने एक इंच जाडीचा मोकळा लोंबता दोर एका घावात तोडायचा. मग दोन बाय चार इंची लाकूड दोनदा तोडायचं. त्यानंतर त्याच धारेने हातावरचे केस निघाले पाहिजेत. आणि शेवटी पातं व्हाइसमध्ये धरून नव्वद अंशांपर्यंत वाकवायचं. धारेकडे तडा गेला तर तो पात्याच्या रुंदीच्या एक तृतीयांशापर्यंत चालतो, पण पातं तुटता कामा नये. म्हणजे धार कडक आणि पाठ लवचीक, हे एकाच पोलादात साधावं लागतं. परीक्षेत ती सुरी कामातून जाते. ती त्यासाठीच केलेली असते.

५. नक्षीच्या आत बघा

दमास्कसच्या पात्यांपुढे नेहमी गर्दी असते, आणि ते योग्यच आहे. दोन जातींची पोलादं, बहुधा १०८४ आणि निकेल असलेलं १५एन२०, एकावर एक रचतात, टाकणखार टाकून तापवतात आणि घणाखाली एकजीव करतात. मग कापून, दुमडून पुन्हा तेच. दहा थरांनी सुरुवात केली तर पाच दुमडींत तीनशे वीस थर होतात. शेवटी फेरिक क्लोराइडमध्ये बुडवलं की कार्बन पोलाद काळं पडतं, निकेलचं उजळ राहतं, आणि आत दडलेली घडी वर दिसते. मोरानने १९७३मध्ये गिल्डच्या प्रदर्शनात अशा सुऱ्या मांडल्या आणि अमेरिकेत जवळजवळ नाहीशी झालेली ही कला परत आली. त्याच्या संस्थेत मास्टर व्हायचं असेल, तर वरची सगळी परीक्षा किमान तीनशे थरांच्या पात्याने द्यावी लागते.

जुन्या काळी युरोपीय लोक ज्याला दमास्कस म्हणत, त्यातलं सर्वांत नावाजलेलं पोलाद मात्र दुमडलेलं नव्हतं. ते आपल्या दख्खनचं, मुशीत वितळवून केलेलं वूट्झ होतं. तेलंगणातल्या निजामाबाद जिल्ह्यातलं कोनसमुद्रम हे त्याचं एक मोठं केंद्र होतं. तो जिल्हा नांदेडला लागून आहे. तिथल्या लोखंडासाठी इराणचे व्यापारी येत. १७९५मध्ये जॉर्ज पिअरसनने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे या पोलादावर निबंध वाचला, आणि पुढे मायकेल फॅरडेही त्याच्या मागे लागला. त्यावरची पाण्याच्या लाटांसारखी नक्षी थरांमुळे येत नाही. ओतीव ढेप पुन्हा पुन्हा तापवून घडवताना कार्बाइडचे बारीक कण ओळीने जमतात, आणि त्याला व्हॅनेडियमसारख्या मूलद्रव्यांचा अगदी सूक्ष्म अंशही पुरतो. हे दाखवून दिलं आयोवाचे धातुशास्त्रज्ञ जॉन व्हर्होवेन आणि फ्लोरिडात घोड्यांना नाल ठोकणारा लोहार अल पेंड्रे या जोडीने, १९९०च्या दशकात. प्राध्यापक आणि नालबंद यांनी एका ऐरणीपाशी मिळून आपल्या दख्खनी कारागिरांची विद्या उलगडली. ती मुळात ज्यांच्या हातांत होती त्यांची नावं कुठेच नोंदलेली नाहीत, याची मला खंत वाटते.

नक्षीबद्दल माझं मत स्पष्ट आहे. ती पात्याच्या आकारामागे गेली पाहिजे. धारेकडे रेषा दाट, टोकाकडे वळणाऱ्या, असं साधलं असेल तर घडवणाऱ्याने आधीपासून पातं डोळ्यांपुढे ठेवून ढेप रचली आहे. नाहीतर सुंदर कापडाचा बेतलेला नसलेला सदरा घातल्यासारखं दिसतं.

६. मूठ कशाची

वाळवंटी आयर्नवूड, हाड, कापडाचे थर राळेत दाबून केलेला मिकार्टा, तसाच काचतंतूंचा जी-१०. प्रत्येकाचे भक्त आहेत. पावसाळी कामाला मला मिकार्टा आवडतो, कारण ओल्या हातात तो अधिकच धरून ठेवतो. एके काळी या लोकांना सर्वांत प्रिय होतं आपल्या सांबराचं शिंग. ते आतून भरीव असतं, आणि वरची खडबडीत साल हातात बसते. भारताने त्याची निर्यात थांबवली, आणि आता जुना साठा असलेले कारागीर ते तुकडे जपून वापरतात. बंदी योग्यच आहे. जंगलातलं सांबर सुरीच्या मुठीपेक्षा मोलाचं.

७. दोन वस्तू भेटतात तिथे नख फिरवा

पोलाद आणि गार्ड, म्हणजे मुठीपुढची धातूची आड; गार्ड आणि मूठ; रिव्हेट आणि लाकूड. नख अडकता कामा नये. पातं गार्डमधून जिथे बाहेर येतं तिथे भिंग लावा, किंवा मागून उजेड येतो का बघा. फट असेल तर ओल शिरते, आणि आतला टँग कुणाला न दिसता गंजतो. हिवाळ्यात लाकूड किंचित आकसतं. म्हणून चांगल्या लाकडात राळ भरून ते स्थिर करून घेतात.

८. म्यानही त्याच माणसाचं

म्यानाकडे फार कमी लोक लक्ष देतात. वनस्पतींनी कमावलेलं चामडं हवं, क्रोमने कमावलेलं नको. त्यातले क्षार पोलादाला खातात. शिवण दोन सुयांची, हाताने घातलेली असावी. तशा शिवणीत एक टाका तुटला तरी पुढचे उसवत नाहीत. धारेच्या बाजूला शिवणीच्या आत चामड्याची एक जादा पट्टी असते, नाहीतर पातं दोराच कापून टाकेल. आणि घरी आल्यावर सुरी म्यानात ठेवून देऊ नका. चामडं ओल धरतं.

९. घासाघीस करू नका, प्रश्न विचारा

साध्या शिकारी सुरीलाही जाणत्या हाताचे कित्येक तास लागतात, आणि नक्षीदार खंजिराला आठवडे. त्यात फुटलेली, वाकलेली, भट्टीतच फेकून दिलेली पातीही धरा. चांगल्या कारखान्याची सुरी अगदी कमी पैशांत झकास कापते, हे मी कुणालाही सांगतो. कस्टम सुरीचे पैसे आपण आपल्या हातासाठी घेतलेल्या निर्णयांचे देतो, आणि वीस वर्षांनी मूठ सैल झाली तर ती नवी बसवून देणाऱ्या माणसाचे देतो. म्हणून सिएटलमध्ये स्वयंपाकी आणि धारवाला म्हणून राबून मग लोहार झालेल्या बॉब क्रेमरच्या स्वयंपाकघरातल्या सुऱ्यांसाठी लिलाव लागतात, याचं मला आश्चर्य वाटत नाही. त्याला कांदा चिरणाऱ्याचं मनगट माहीत आहे.

सगळं एकट्यानेच केलं तरच थोर, असं मात्र मी मानत नाही. जपानमध्ये ओसाकाजवळच्या साकाईत घडवणारा वेगळा, धार काढणारा वेगळा, मूठ बसवणारा वेगळा. प्रत्येकजण आपल्या एका कामात मुरलेला. त्या सुऱ्यांपुढेही मी तितक्याच आदराने उभा राहतो.

१०. वापरा

कपाटात ठेवलेल्या सुरीबद्दल आपल्याला फक्त तिचं रूप कळतं. माझी कार्बन पोलादाची सुरी रोज कोथिंबीर, कांदे, भोपळा चिरते. कांद्याच्या रसाने पात्यावर करडा-निळा थर चढला आहे. तो पोलादाला तांबड्या गंजापासून थोडंफार सांभाळतो, म्हणून तो मी घासून काढत नाही. चिरून झालं की लगेच धुवायची, पुसायची, महिन्यातून एकदा खाद्यतेलाचं बोट फिरवायचं. माझी आई इथे आली तेव्हा तिने विळी मागितली. मग ही सुरी हातात घेऊन दोन जुड्या निवडल्या आणि चिरल्या, आणि म्हणाली, “हिची पाठ बोटाला लागत नाही रे.” कारागिराने पाठीच्या कडा गोल केल्या होत्या. इतकी वर्षं मी सुऱ्या बघतो, पण ते तिने पहिल्याच दिवशी टिपलं.

अशी सुरी भारतात न्यायची असेल तर चेक-इन सामानातच ठेवा. शस्त्रनियमांनुसार घरगुती, शेती वा उद्योगाच्या कामाची नसलेली सुरी नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची असेल, तर ती शस्त्रात मोडते.

११. एकदा करून बघा

बघण्याची दृष्टी सर्वांत लवकर येते ती एक सुरी स्वतः केल्यावर. पुण्या-कोल्हापूरची टूलरूममधली मुलं मला विचारतात, कुठून सुरू करू? १०८४ची तीन-चार मिलिमीटर जाडीची पट्टी घ्या. लहान, चार इंचांचं पातं आखा. ग्राइंडर नसेल तर कानशीने उतार काढा. वेळ लागेल, पण हात शिकेल. विझवण्याआधी धार नाण्याच्या कडेइतकी जाड ठेवा, नाहीतर ती पिळते. भट्टीत पातं तापू लागलं की चुंबक लावत राहा. सुमारे ७७० अंशांना चुंबक चिकटायचा थांबतो. त्याच्या थोडं पुढे, रंग जरा आणखी उजळ झाला की कोमट केलेल्या खाद्यतेलात सरळ, टोकाकडून बुडवा. आडवं घालू नका, आणि डावी-उजवीकडे हलवू नका. बाहेर काढल्यावर धारेवर जुनी कानस फिरवा. ती न रुतता घसरली तर पोलाद कडक झालं. रुतली तर पुन्हा भट्टीत. आणि कडक झालं असेल तर त्याच दिवशी, हाताला सोसेल इतकं थंड होताच, ओव्हनमध्ये २०० अंशांवर दोन तास, मग गार करून पुन्हा दोन तास. हे उद्यावर टाकू नका. ताण भरलेलं पातं रात्रीत आपोआप तडकू शकतं.